चार बिटांची खुशाली

फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या रेंजच्या दांड्या आपल्यासाठी असतात. टॉवरला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. टॉवरशी फोन वेगळंच बोलतो, आणि आपण व्हिडिओ बघत असताना तर दर काही मिलिसेकंदांनी बोलतो. तो एक आकडा कळवतो, ० ते १५ मधला. फोर-जीवाले त्याला सीक्यूआय म्हणतात. चार बिटांत मावणारी ही फोनची खुशाली.

पूर्वी पोस्टकार्डावर 'इकडील सर्व क्षेम' लिहीत, तसं मोघम मात्र यात काही नसतं. फोन म्हणतो, 'अमुक क्रमांकाच्या वेगाने पाठवलंस तर डेटाची दहातली नऊ पाकिटं मी पहिल्या फटक्यात वाचीन, एखादंच परत मागेन.' फोर-जीच्या मूळ तक्त्यात १ या आकड्याला दर हर्ट्झमागे सेकंदाला ०.१५ बिट जातात आणि १५ ला ५.५५. दोन टोकांत ३६ पटींचं अंतर आहे. शून्य कळवलं तर अर्थ सरळ आहे: आत्ता काही पाठवू नकोस.

एका टॉवरखाली असे शंभर फोन असतील तर प्रत्येकाला किती वेळा विचारायचं, आणि किती खोलात जाऊन? विचारपूस फुकट होत नाही. डेटा ज्या हवेतून जातो त्याच हवेतून ही उत्तरं येतात, आणि तेवढा वेळ, तेवढी फ्रिक्वेन्सी खातात. पंगतीत वाढप्याने प्रत्येक पानासमोर थांबून 'काय हवं, किती हवं, मीठ बरोबर आहे ना' असं विचारत बसायचं ठरवलं तर शेवटच्या पानापर्यंत भात निवून जाईल. विचारलंच नाही तर निम्मा भात पानात टाकला जाईल. टॉवरमधल्या ज्या सॉफ्टवेअरला हा हिशोब सांभाळावा लागतो त्याचं नाव शेड्युलर. फोर-जीमध्ये तो दर मिलिसेकंदाला नवा निर्णय घेतो.

आता खुशाली बदलते कशाने ते बघू. भारतात फाइव्ह-जी ज्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मुख्यतः चालतं, तिथे एका तरंगाची लांबी साडेआठ-नऊ सेंटीमीटर असते. टॉवरकडून निघालेला तरंग फोनपर्यंत एकटा येत नाही. एक सरळ येतो, एक समोरच्या इमारतीवर आपटून, एक उभ्या बसच्या पत्र्यावरून. काही जागी हे सगळे एकमेकांना जोर देतात, काही जागी एकमेकांना खोडतात. जोराची जागा आणि मंदीची जागा यांत अंतर असतं साधारण पाव ते अर्ध्या तरंगाचं, म्हणजे दोन ते साडेचार सेंटीमीटर. फोन टेबलावर तीन बोटं सरकवला तरी हिशोब बदलू शकतो. शिवाय हे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळं असतं. फोर-जीचा २० मेगाहर्ट्झचा पट्टा १८० किलोहर्ट्झच्या १०० तुकड्यांत कापलेला असतो. त्यातला सातवा तुकडा तुम्हाला चांगला आणि साठावा वाईट, तर शेजारच्याला नेमकं उलट, असं सर्रास होतं.

जुन्या इंजिनिअरांना ही चढउतार म्हणजे डोकेदुखी वाटायची. १९९५ मध्ये नॉप आणि हंबलेट या दोघांनी गणिताने दाखवलं की गर्दी असेल तर हीच चढउतार कामाला येते. प्रत्येक क्षणी कुणी ना कुणी लाटेच्या माथ्यावर असतोच. त्या क्षणी त्यालाच वाढा. पुढच्या क्षणी दुसरा माथ्यावर येईल. सगळ्यांना सरासरी सिग्नलवर आळीपाळीने देण्यापेक्षा एकूण माल कितीतरी जास्त जातो.

किती जास्त, ते घरबसल्या काढता येतं. सगळ्यांची सरासरी सारखी आणि चढउतार नेहमीच्या प्रकारची धरली, तर 'न' फोनांमधला सर्वांत चांगला फोन सरासरीच्या १ + १/२ + १/३ + … + १/न इतक्या पट असतो. दहा फोन असले तर बेरीज येते २.९. शंभर असले तर ५.२. फोन दहापट झाले, खुशालीची पत्रं दहापट झाली, आणि सिग्नल दुप्पटसुद्धा झाला नाही. वेगात तर फरक याहून कमी पडतो, कारण वेग सिग्नलच्या लॉगरिदमने वाढतो. हा आकडा मनात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

माथ्यावरच्यालाच वाढायचं म्हटलं की टॉवरशेजारी राहणाऱ्याची चैन आणि कडेच्या माणसाचा उपास, हे ओघाने आलंच. त्यावर डेव्हिड त्से यांच्या नावाशी जोडलेला तोडगा आजही जगभरच्या टॉवरमध्ये या ना त्या रूपात चालतो. आत्ताचा वेग भागिले आतापर्यंत मिळालेला सरासरी वेग, ज्याचा भागाकार मोठा त्याचा नंबर. टॉवरजवळच्याला सरासरी १०० मिळत होते, आत्ता ११० शक्य आहेत: १.१. कडेच्याला सरासरी १० मिळत होते, आत्ता १६ शक्य आहेत: १.६. पाळी कडेच्याची. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालपरवाशी. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात दया नाही आणि अन्यायही नाही. साधारण २०१० च्या आसपास लॅपटॉपला लावायची फोटॉन प्लससारखी डोंगलं ज्यांनी वापरली असतील, त्यांनी नकळत हाच प्रकार अनुभवला आहे. त्या तंत्रात डोंगल सेकंदाला ६०० वेळा चार बिटांचा निरोप टॉवरला धाडत असे.

खुशाली थोडक्यात कशी कळवायची यावर बरंच डोकं खर्च झालेलं आहे. फोर-जीमधला एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. १०० तुकड्यांचे चार-चारचे २५ गट करा. प्रत्येक गटाचा आकडा चार बिटांत कळवायचा तर १०० बिट लागतील. त्याऐवजी फोनला सांगितलं जातं: तुझे सर्वांत चांगले फक्त ६ गट कुठले ते कळव, आणि त्यांची मिळून एक सरासरी. २५ मधून ६ निवडण्याचे प्रकार होतात १,७७,१००; त्यातला कुठला, हे सांगायला १८ बिट पुरतात. सगळ्या पट्ट्याचा एकत्र आकडा ४ बिट, आणि निवडक सहा त्याहून किती सरस हे सांगायला २ बिट. एकूण २४. पाऊण भार गेला. उरलेल्या १९ गटांबद्दल टॉवर अंधारातच राहतो, पण तिथे या फोनला वाढायचंच नसतं, मग काय बिघडलं?

याहून धीट कल्पना डेव्हिड गेस्बर्ट आणि मोहम्मद-स्लिम अलुइनी यांनी २००४ मध्ये मांडली. फोनने आपली खुशाली ठरावीक उंबरठ्याच्या वर असेल तरच तोंड उघडावं. ३० फोन आहेत आणि उंबरठा असा लावलाय की प्रत्येकाला तो ओलांडायची शक्यता दहा टक्के. मग दर वेळी सरासरी तिघेच बोलतील. कुणीच बोललं नाही असं शंभरातून चार वेळा होईल, तेव्हा कुणालाही देऊन टाका. फोन ३०० झाले तर उंबरठा एक टक्क्यावर न्या. बोलणारे पुन्हा तीनच, आणि शांतता शंभरातून पाच वेळा. गर्दी दहापट झाली तरी गलका तेवढाच. कागदावर हे देखणं आहे. प्रत्यक्षात अडचण अशी की ठरल्या वेळी कळवायच्या खुशालीसाठी प्रत्येक फोनला वेळ आधीच राखून दिलेली असते. तो गप्प बसला म्हणून ती जागा दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून फोर-जीने दुसरी वाट धरली. नेमाने फक्त जुजबी खुशाली घ्यायची, आणि सविस्तर अहवाल टॉवरने स्वतः मागायचा, तोही ज्याच्यासाठी डेटा येऊन पडलाय त्याच्याकडेच. ज्याचं पान मांडलंय त्यालाच विचारा.

इथपर्यंत एका तुकड्यावर एका वेळी एकच फोन होता. आता खरी गंमत. टॉवरवर एकापेक्षा जास्त अँटेना बसवल्या की एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, अनेकांशी बोलता येतं. एकच फ्रिक्वेन्सी जागेच्या आधारे अनेक वेळा वापरायची, या विचाराच्या पायाशी अरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांचं १९९४ चं अमेरिकी पेटंट आहे. कैलथ १९३५ मध्ये पुण्यात जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून बाहेर पडले. पॉलराज खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून नौदलात गेले आणि नौदलासाठी सोनार यंत्रणा बनवून मग स्टॅनफर्डला पोचले. पाण्याखालचे आवाज कुठल्या दिशेने येतात हे ओळखण्याचं काम केलेल्या माणसाला हवेतल्या दिशा सुचाव्यात, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

समजा एकाच इमारतीत आजी तळमजल्यावर कीर्तन ऐकतायत आणि नातू सातव्या मजल्यावर मॅच बघतोय. टॉवरच्या ६४ अँटेना एकाच वेळी दोघांचाही डेटा सोडतात, पण प्रत्येक अँटेनावर तरंगाची वेळ किंचित पुढेमागे करून. हिशोब असा जमवायचा की कीर्तनाचे सगळे तरंग आजींच्या फोनपाशी एकमेकांना जोर देतील आणि नातवाच्या फोनपाशी एकमेकांना पुसून टाकतील. मॅचचं बरोबर उलट. हे जमलं तर दोघांनाही पूर्ण फ्रिक्वेन्सी मिळते. चुकलं तर आजींच्या पानातलं वरण नातवाच्या जिलबीवर.

म्हणून इथे चार बिटांची खुशाली पुरत नाही. 'मी किती बरा आहे' एवढं कळून उपयोग नाही, 'मी नेमका कुठे बसलोय' हे कळावं लागतं. नकाशावर कुठे असं नव्हे. प्रत्येक अँटेनाकडून माझ्यापर्यंत तरंग कुठल्या अवस्थेत येऊन पोचतो, हे. एकट्याला वाढताना दिशा थोडी चुकली तर नुकसान त्याचं एकट्याचं, आणि तेही थोडं. अनेकांना एकदम वाढताना एकाच्या चुकीच्या उत्तराचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो.

दिशा कळवायची कशी? रेडिमेड शर्ट घेताना आपण छाती, खांदा, बाही सांगत बसत नाही. '४० द्या' म्हणतो. तसंच इथे आधीच ठरलेल्या दिशांची एक यादी फोन आणि टॉवर दोघांकडे असते. तिला कोडबुक म्हणतात. फोर-जीच्या पहिल्या आवृत्तीत चार अँटेनांसाठी १६ मापं होती, म्हणजे पुन्हा चारच बिट. फोन यादीतलं त्यातल्या त्यात बसणारं माप सांगतो. अर्थात ते अंगाला नेमकं बसत नाही, आणि जेवढं ढिलं बसतं तेवढं वरण शेजारी सांडतं.

मग यादी किती मोठी हवी? निहार जिंदल यांनी २००६ मध्ये याचं उत्तर एका ओळीत दिलं. अँटेनांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला डेसिबलमधल्या सिग्नलच्या जोराने गुणा आणि तीनने भागा. इतके बिट प्रत्येक फोनने द्यायला हवेत, तर नेमकी दिशा कळली असती त्याच्या तोडीचा वेग टिकतो. चार अँटेना आणि १० डेसिबल: १० बिट. २० डेसिबल: २० बिट, म्हणजे यादीत दहा लाखांहून जास्त मापं. ६४ अँटेना आणि २० डेसिबल: ४२० बिट. आणि हे फक्त एका फोनचं, एका फ्रिक्वेन्सीपुरतं.

सिग्नल चांगला असताना जास्त बिट लागावेत हे पहिल्यांदा वाचताना उलटं वाटतं. पण अंधाऱ्या खोलीत शर्टावरचा डाग कुणाला दिसत नाही, ट्यूब लावली की दिसतो. सिग्नल कमजोर असताना हवेतल्या गोंगाटातच शेजाऱ्याचं सांडलेलं बुडून जातं. जोर वाढवला की सांडलेलंही तितक्याच पटीने वाढतं आणि तेच वेग अडवून बसतं. मापं तीच ठेवून फक्त जोर वाढवत गेलात तर एका टप्प्यानंतर वेग वाढायचा थांबतोच.

हे सूत्र धरतं की तरंग कुठल्याही दिशेने येऊ शकतो. उंचावरच्या टॉवरबाबत तसं नसतं. बहुतेक ऊर्जा दोन-चार वाटांनीच फोनकडे जाते. फाइव्ह-जीच्या २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत 'टाइप टू' नावाचं कोडबुक आलं ते याच आधारावर. फोन दोन ते चार बीम, म्हणजे ठरावीक दिशांचे झोत, निवडतो आणि कुठला किती, कुठला किती पुढेमागे, अशी मिश्रणाची कृती कळवतो. रेडिमेड शर्टाला शिंप्याकडून थोडं आल्टर करून घेण्यासारखं. तरीही अहवाल काहीशे बिटांवर जाऊ शकतो.

आता मघाचा आकडा आठवा. गर्दी वाढल्याचा फायदा अगदी हळू वाढतो. नेमकेपणा वाढल्याचा फायदा मात्र दिशा जवळजवळ तंतोतंत कळेपर्यंत वाढतच राहतो. समजा उत्तरांसाठी एकूण ३०० बिटच परवडतात. साठ फोनांना पाच-पाच बिटांत विचारायचं, की कुठल्याही बारांना पंचवीस-पंचवीस बिटांत? रवींद्रन आणि जिंदल यांनी असाच प्रश्न धसाला लावला आणि उत्तर निःसंदिग्ध आलं: थोड्यांना विचारा, पण नीट विचारा. एका वेळी एकाला वाढायच्या जमान्यात 'सगळ्यांची थोडी थोडी खबर घ्या' हे शहाणपण होतं. अनेकांना एकदम वाढायचं म्हटलं की ते उलटं पडतं. या विषयावर गर्दीच्या फायद्याबद्दल जेवढं लिहिलं गेलंय त्या मानाने या निष्कर्षाची चर्चा कमी झाली, असं माझं मत आहे.

थोडे म्हणजे एकट-दुकट मात्र नव्हेत. जोड्या जुळवायला पर्याय लागतातच. आजी आणि नातू वेगळ्या मजल्यांवर आहेत म्हणून निभावलं. दोघे एकाच सोफ्यावर बसले तर ६४ अँटेनांनाही ते एकच वाटू शकतात. मग शेड्युलर त्यांना वेगवेगळ्या वेळी वाढतो आणि प्रत्येकाची जोडी दुसऱ्याच कुणाशी लावतो. ज्यांच्या दिशा एकमेकींशी काटकोनाच्या जवळ आहेत अशांनाच एकत्र बसवायचं, हा त्यातला नेहमीचा ठोकताळा. आणखी एक खोच अशी की फोनने खुशाली कळवली तेव्हा आपल्या जोडीला कोण बसणार हे त्याला माहीतच नव्हतं, त्यामुळे त्याचा आकडा बहुधा जरा आशावादी असतो. टॉवर तो जसाच्या तसा मानत नाही. पाकीट वाया गेल्याचा निरोप आला की त्या फोनचा आकडा मनातल्या मनात थोडा खाली ओढतो, नीट पोचलं की अगदी किंचित वर. खालची पायरी वरच्या पायरीच्या नऊपट ठेवली की दहातलं एकच पाकीट चुकतं, आपोआप.

आणि मग शिळेपण. खुशाली मोजायची, पाठवायची, टॉवरने वाचून निर्णय घ्यायचा, यात पाच-दहा मिलिसेकंद सहज जातात. चालणारा माणूस दहा मिलिसेकंदांत सेंटीमीटरभर सरकतो, त्याची बातमी ताजीच असते. ताशी ६० किलोमीटरने धावणारी लोकल तेवढ्यात १६-१७ सेंटीमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जवळपास दोन पूर्ण तरंग. ४२० बिटांत कोरून पाठवलेली दिशा पोचेपर्यंत खोटी झालेली असते. दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या फोनकडून असली बारीक माहिती मागणं म्हणजे वेळ वाया घालवणं. त्याच्यासाठी सगळ्या पट्ट्याची मिळून सरासरी खुशाली घ्यायची आणि त्याला एकट्याला वाढायचं.

थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये या विचारपुशीलाच मोठा वळसा घातला. टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलत असतील, तर जाण्याचा रस्ता तोच येण्याचा रस्ता. फोनने फक्त एक ठरलेला, ओळखीचा सिग्नल सोडायचा. टॉवरच्या प्रत्येक अँटेनाने तो ऐकायचा आणि दिशा स्वतःच ताडायची. अँटेना ६४ असोत की ६४०, फोनला सिग्नल तेवढाच सोडावा लागतो. भारतातला ३.३ गिगाहर्ट्झचा पट्टा अशाच आळीपाळीचा आहे, आणि ६४ अँटेनांच्या पेट्या तिथे शोभतात त्या यामुळे. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे चालत नाही. तिथे फोन टॉवरहून ५५ मेगाहर्ट्झ खाली बोलतो. रस्ता वेगळा, त्यामुळे कोडबुक आलंच.

पण वळशालाही खाचखळगे आहेत. फोनची ताकद साधारण २०० मिलिवॉट, त्यामुळे कडेच्या फोनचा आवाज टॉवरला धड ऐकू येत नाही. शेजारच्या टॉवरखालच्या फोनने तोच ओळखीचा सिग्नल त्याच वेळी सोडला तर दोन्ही मिसळतात आणि टॉवर भलत्याकडेच बीम रोखतो. टॉवरच्या बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या सर्किटांतला फरक सतत मोजून वजा करावा लागतो तो वेगळाच. शिवाय टॉवरला यातून रस्ता दिसतो, फोनच्या कानाशी चाललेला गोंगाट दिसत नाही. तो फोनलाच माहीत. म्हणून एवढं सगळं करूनही चार बिटांचा तो आकडा सुटलेला नाही.

घरच्या वायफायमध्ये हाच खेळ छोट्या अंगणात चालतो. २०१३ च्या आवृत्तीपासून राउटरच्या खोक्यावर 'एमयू-मिमो', म्हणजे अनेकांना एकदम वाढणं, असं ठळक छापलेलं दिसतं. चार अँटेनांचा राउटर, एक अँटेनाचा फोन, ८० मेगाहर्ट्झचा पट्टा. फोनला दिशा सहा कोनांत सांगायची असते. अनेकांना एकदम वाढायचं तर बारीक माप लागतं, तीन कोन नऊ बिटांत आणि तीन सात बिटांत. झाले ४८. हे २३४ बारीक फ्रिक्वेन्स्यांसाठी वेगवेगळं कळवलं तर ११,२३२ बिट. सेकंदाला २४ मेगाबिटने पाठवलं तर जवळपास अर्धा मिलिसेकंद. तीन फोनांचे मिळून दीड. माणसं घरात इकडेतिकडे फिरतायत म्हणून दर २० मिलिसेकंदांनी विचारायचं म्हटलं तर सात टक्के वेळ नुसत्या उत्तरांतच गेला, राउटरने प्रश्न विचारण्यात घालवलेला अजून धरलाच नाही. मोठी फाइल उतरत असेल तर हा खर्च निघतो. पण घरात बहुतेक वेळ व्हॉट्सॲपचे निरोप आणि वेबपानांचे तुकडे येत-जात असतात, आणि एवढ्याशासाठी सगळ्यांना विचारत बसण्यापेक्षा राउटर सरळ एकेकाला वाढून मोकळा होतो.